‘म्हणजे घरीच ना!’

मावशीला विचारा
(या सदरातली उत्तरं इंदूरच्या एक निवृत्त परिचारिका देतात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न : आदरणीय मावशी, सलाम.

मी इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला राहते. वय 38. जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) करून काही वर्षं नोकरी केली. चार वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. बाबा आधीच गेलेले. धाकटी बहीण कुवेतला स्टाफ नर्स आहे. घरी कोणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून मी थांबले. माझं लग्न झालेलं नाही. आईचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. आजवर तिला बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिलेलं नाही.

नाताळात बहीण आली होती. उपासना सुटल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका काकूंनी मला विचारलं, “तू सध्या काय करतेस?” मी म्हटलं, आईला सांभाळते. त्या म्हणाल्या, “म्हणजे घरीच ना!” आईसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की धाकटीनं घराचं नाव काढलं. खर्च बहीणच पाठवते, त्यामुळे मला काही बोलता येत नाही. बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्रात ‘मी कीटक आहे, मनुष्य नव्हे’ असं आहे ना, ते मला माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटतं. हे एका मैत्रिणीजवळ बोलले, तर ती म्हणाली, “स्वतःचा एवढा विचार करणं हाच गर्व आहे. ख्रिस्ती माणसानं स्वतःला शून्य समजावं.” मावशी, आपलं काही मोल आहे असं वाटावं, ही इच्छाच पाप आहे का?

— एक मोठी बहीण

उत्तर : मुली, सलाम.

पाप नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

बेडसोअरचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. मी तिथंच थांबले. माझं आयुष्य वॉर्डात गेलं, त्यामुळे त्या वाक्यामागे काय काय आहे ते मला दिसतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती रोज उजेडात नीट पाहायची, कातडी लालसर दिसली की त्या बाजूचा भार काढायचा. ओलं एक मिनिटही अंगाखाली राहता कामा नये. तीन पाळ्यांमध्ये नर्सेस असलेल्या वॉर्डातसुद्धा हे नेहमी साधत नाही. तू ते एकटीनं चार वर्षं साधलंस. त्या काकूंना हे कळलं नाही, कारण आजारी माणसाच्या अंगाखाली हात घालण्याची वेळ त्यांच्यावर आली नसावी. त्यांच्यावर रागवू नकोस, पण त्यांनी केलेलं मोजमापही मनाला लावून घेऊ नकोस.

आता मी जे सांगणार आहे ते या कौतुकापेक्षा महत्त्वाचं आहे. उद्या आईला बेडसोअर झालं, तर तुझं मोल कमी होईल का? तुला ताप आला, दोन रात्री तू उठू शकली नाहीस, आणि झालं. मग? मुली, तुझं मोल या सेवेवरसुद्धा टांगलेलं नाही. बहिणीचं मोल तिच्या दिनारांवर टांगलेलं नाही, तसंच. ‘ती पैसे पाठवते, पण मी सेवा करते’ असा हिशेब मांडून तू स्वतःची समजूत घालू लागलीस, तर तराजू तोच राहील, फक्त वजनं बदलतील. मला तुला त्या तराजूवरूनच खाली उतरवायचं आहे.

आता तुझं बाविसावं स्तोत्र. ‘मी कीटक आहे’ ही त्या स्तोत्रातली सहावी ओवी. ती देवानं माणसाबद्दल सांगितलेली व्याख्या नाही. लोक ज्याच्याकडे पाहून ओठ वाकडे करतात, माना डोलावतात, अशा माणसाचा तो आक्रोश आहे. पुढची ओवी वाच, तिथं ते सगळं आहे. आणखी दोन ओव्या गेल्या की तोच माणूस देवाला म्हणतो, मला आईच्या उदरातून बाहेर काढणारा तूच, आईच्या अंगावर असल्यापासून मला भरवसा देणारा तूच. ज्याला आपण खरोखर किडा आहोत असं वाटतं, तो देवाशी एवढ्या हक्कानं बोलत नाही. आणि या स्तोत्राची पहिली ओळ वधस्तंभावर कोणाच्या तोंडी आली, हे तुला सांगायला नको. तू रात्री ते स्तोत्र वाचतेस तेव्हा प्रभूच्या शेजारी बसून वाचतेस. पण अर्ध्यावर पुस्तक मिटू नकोस. चोविसाव्या ओवीपर्यंत जा. तिथं लिहिलंय की पीडलेल्याचं दुःख देवानं तुच्छ मानलं नाही, आपलं तोंड त्याच्यापासून लपवलं नाही.

मैत्रिणीच्या बोलण्याला आपल्या मंडळ्यांमध्ये फार मोठा आधार आहे, म्हणून मी इथं जरा जास्त लिहिते. स्वतःला तुच्छ लेखणं म्हणजे नम्रता, असं आपण पोरींना लहानपणापासून शिकवत आलो. मुलांना कमी, पोरींना जास्त. हे मला मान्य नाही, आणि शास्त्रालाही मान्य नाही. योहानाचा तेरावा अध्याय काढ. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट आपण दरवर्षी दुःखसप्ताहात ऐकतो, पण तिसरं वचन घाईत वाचून टाकतो. त्यात योहान म्हणतो की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला ठाऊक होतं. आणि त्यानंतर लगेच तो भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला. आधी आपण कोण हे ठाऊक असणं, मग रुमाल. स्वतःला कमी समजून तो खाली वाकला नाही. आपण कोणाचे आहोत हे पक्कं माहीत होतं, म्हणून वाकला. धूळभरले पाय हातात घेताना त्याचं काही कमी होणार नव्हतं.

तूही रोज हेच काम करतेस. कोमट पाणी, टॉवेल, आईचे पाय. पण तू ते ‘मी शून्य’ असं म्हणत करतेस, म्हणून ते काम तुला आतून पोखरतंय. काम तेच ठेव. फक्त तिसरं वचन आधी वाचून मग बादली उचल.

पौलानं रोमकरांस लिहिलंय की कोणी स्वतःला योग्य त्याहून अधिक समजू नये, मर्यादेनं समजावं. बाराव्या अध्यायाचं तिसरं वचन. त्याहून कमी समजा, असं तो कुठंही म्हणत नाही. वाढवून सांगणं जसं खोटं, तसं घटवून सांगणंही खोटंच. तुझ्या मैत्रिणीला हे दाखव. तिनं हे कुठंतरी ऐकलं असेल आणि तिलाही ते जाचत असेल.

दोन बहिणींचं दुःख शास्त्राला नवीन नाही. उत्पत्तीच्या 29व्या अध्यायातली लेआ आठव. लेआ आणि राहेल सख्ख्या बहिणी, दोघीही याकोबाच्या बायका. राहेल सुंदर, याकोबाचं मन तिच्यावर, आणि लेआ नावडती. पहिला मुलगा झाला तेव्हा ती म्हणाली, आता तरी नवरा माझ्यावर प्रीती करील. दुसरा झाला, तिसरा झाला, आणि प्रत्येक मुलाच्या नावात तिनं तीच आशा गुंफली. चौथ्याच्या वेळी मात्र नवऱ्याचा उल्लेखच नाही. “आता मी परमेश्वराचं स्तवन करीन,” म्हणाली, आणि बाळाचं नाव यहूदा ठेवलं. याकोब बदलला, असं त्या अध्यायात कुठंही लिहिलेलं नाही. लेआ त्या दिवसापुरती तरी त्याच्या तोंडाकडे पाहायची थांबली. पुढच्या अध्यायात ती पुन्हा त्याच ओढाताणीत सापडते, हेही मी लपवत नाही. तुझंही तसंच होईल. एखादा रविवार बरा जाईल, आणि मग बहिणीचा फोन आला की आईचा आवाज बदलेल आणि तुझ्या पोटात कालवेल. म्हणून देवाचं तुझ्यावरचं प्रेम संपलं, असं समजू नकोस. यहूदाच्या वंशात पुढे कोण जन्मला ते मत्तयाच्या पहिल्या पानावर आहे. तो राहेलीच्या नव्हे, लेआच्या मुलाच्या घराण्यात आला.

किमतीचाच प्रश्न आहे, तर हेही ऐक. जगानं खुद्द प्रभूचाही भाव ठरवला होता. चांदीची तीस नाणी. निर्गमाच्या 21व्या अध्यायात नियम आहे की कोणाच्या बैलानं दुसऱ्याच्या दासाला शिंग मारलं, तर बैलाच्या मालकानं दासाच्या धन्याला तीस शेकेल चांदी द्यावी. म्हणजे प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या (हा लेआचा यहूदा नव्हे) हातावर याजकांनी ठेवली ती एका मारल्या गेलेल्या दासाची भरपाई. देवाच्या पुत्राला लोकांनी तिथं बसवला. मग त्या काकूंनी तुला ‘घरीच’ म्हटलं, तर त्यात तुझ्याविषयी काय सिद्ध होतं? पेत्र म्हणतो, तुम्हाला सोडवलं ते सोन्या-रुप्यानं नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्तानं. तुझा भाव तिथं ठरला. तेव्हा तू जी.एन.एम. नव्हतीस, आईची सेवाही करत नव्हतीस, तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता.

आता काही कामाच्या गोष्टी. पाळकांना (चर्चच्या पाद्रींना) सांग की महिन्यातून एकदा घरी येऊन आईला आणि तुला प्रभुभोजन द्या. हे मागण्यात संकोच नको, ते त्यांचं कामच आहे. महिला मंडळातल्या दोघी-तिघींना विचार, रविवारी दोन तास आईजवळ कोण बसेल? कूस कशी बदलायची ते तूच त्यांना शिकव. त्यात त्या काकू आल्या तर फारच उत्तम. बहिणीला मोकळेपणानं लिही की वर्षातून काही दिवस तिनं सुट्टी घेऊन आईजवळ राहावं, आणि ते दिवस तुझे. तुला वाटत असेल, ती ऐश करतेय. परक्या मुलखात रात्रपाळ्या करणाऱ्या पोरींचे फोन मी ऐकलेले आहेत, तिचीही काही पत्रं न लिहिलेली असतील. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र चालू ठेव. आई गेल्यावर रिकाम्या घरात तुझं काय, हा विचार तू करायलाच हवास, आणि त्यात आईचा अपमान नाही.

आणि आईला एकदा विचार, “आई, मी घरी आहे याचं तुला बरं वाटतं का?” आजारी माणसं जवळच्या माणसाला गृहीत धरतात आणि दूरच्याची फुशारकी मारतात. वॉर्डात मी हे फार पाहिलं. विचारल्यावर मात्र बहुतेक जण रडतात.

प्रश्न : मावशी, मी बऱ्हाणपूरचा, 25 वर्षांचा. भंवरकुआँजवळ खोली घेऊन एम.पी.पी.एस.सी.ची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतोय. दोनदा प्रिलिम्समध्येच अडकलो. आई दर रविवारी मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना-विनंती देते, त्यामुळे माझं नापास होणं सगळ्या गावाला माहीत. आता घरी जावंसं वाटत नाही. रात्री झोप नाही, मेसचं जेवण नको वाटतं. कधी कधी वाटतं, मी नसतो तर बाबांचे पैसे तरी वाचले असते. देवाला माझा काय उपयोग?

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मी आधी संपादकांना फोन केला आणि तुझा नंबर मागून घेतला. आपण बोललोच आहोत. इथं लिहिते ते तुझ्यासारख्या दुसऱ्या मुलांसाठी, त्या भागात ती खोल्याखोल्यांत आहेत.

‘मी नसतो तर’ हे मनात आलं की त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते. तिथं फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणी म्हणालं तर त्याला एलीयाची गोष्ट वाचायला सांगा, पहिले राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच पानावर रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, “पुरे झालं, माझा प्राण घे.” देवानं त्याला रागावलं का? उपदेश केला का? तो झोपला. दूतानं उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. खाल्लं, पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवून खायला लावलं, कारण पुढची वाट लांब होती. प्रश्न विचारले ते त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी झोप, भाकर, पाणी. देवाचा क्रम असा आहे, आणि कुठलीही नर्स तुम्हाला हाच क्रम सांगेल. दोन आठवडे झोप नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तो अशक्तपणा शरीराचा असतो, आणि माणसाला तो आपल्या आत्म्याचा वाटतो.

‘देवाला माझा काय उपयोग’ याचं उत्तर असं की देव उपयोगासाठी माणूस ठेवत नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन प्रभू वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली की तू माझा परमप्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काचा पहिलाच अध्याय. तोवर त्यानं एकही रोगी बरा केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेलं नव्हतं. नासरेथात सुतारकाम केलं होतं, बस्स. पित्याचा संतोष निकालाच्या आधीचा होता.

परीक्षा द्यायची की नाही, हे वडिलांबरोबर बसून ठरव, फोनवर नको. आईला प्रेमानं सांग की प्रार्थना घरी कर, मंडळीत नाव नको. आया ऐकतात. इंदुरात किती हजार मुलं या एका परीक्षेच्या मागे आहेत आणि जागा किती असतात, ते तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. बहुतेकांना ती जागा मिळणार नाही, आणि त्यातल्या एकालाही देवानं त्यामुळे टाकलेलं नाही.

प्रश्न : मी रामबागेत राहते. ख्रिस्ती नाही. शेजारीण तुमचा अंक वाचून झाला की मला देते. माणसाच्या मोलाबद्दल तुम्ही लिहिता ते आवडतं. पण ते मोल तुमच्याच लोकांपुरतं असतं का?

उत्तर : नाही हो, ताई. शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देवानं आपल्या प्रतिरूपाप्रमाणे ‘मनुष्य’ घडवला, असं आहे. तिथं ना कुठली मंडळी होती, ना बाप्तिस्मा.

सरकारी वॉर्डात रस्त्यावरून उचलून आणलेले रुग्ण यायचे, केस पेपरवर नावाच्या जागी ‘अज्ञात’. ना नातेवाईक, ना धर्म माहीत, अंगाला वास. आमच्या वरिष्ठ सिस्टर अशा रुग्णाला स्वतः स्पंज द्यायच्या आणि आम्हा पोरींना म्हणायच्या, “नाव नाही म्हणून हळू हात लावायचा नाही असं नाही.” त्या स्वतः ख्रिस्ती नव्हत्या. पण तो पहिला अध्याय मला त्यांच्या हातांत दिसला.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्हाला माहीत असेलच. 1896-97च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य भारताच्या बाजूला येऊन शेकडो अनाथ मुली आणि बालविधवा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन गेल्या. उपाशी, आजारी, कोणालाच नको असलेल्या. यातली कोण पुढे कामाची ठरेल, असं पाहून त्यांनी निवड केली नाही. आंधळ्या मुलींना तिथं बोटांनी वाचायला शिकवलं. ज्यांना माणूस म्हणून कोणी मोजत नव्हतं, त्यांच्या हातात पुस्तक आलं.

आमच्या लोकांना हे नेहमी जमतं, असं मी म्हणणार नाही. आमच्याही मंडळ्यांमध्ये कोण कुठल्या जातीतून आलं याची कुजबूज अजून चालते, आणि ती ख्रिस्ताच्या विरुद्ध आहे, हे मी या सदरात पुन्हा पुन्हा लिहीत राहीन.

शेजारणीकडून लूकचं शुभवर्तमान मागून घ्या आणि पंधरावा अध्याय वाचा. छोटासाच आहे. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, आणि घर सोडून गेलेला मुलगा. तिथला थोरला भाऊही नीट पाहा, पहिल्या पत्रातल्या मुलीला मी त्याच्याबद्दल लिहायला हवं होतं, पण जागा संपली. वाचून जे पटणार नाही, ते मला कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.